टेकाडावर टाकलेलं घोंगडं

मित्रांनो, मी एक जुनी मॅटॅडोर आहे. गाडी म्हणवून घ्यायला माझ्याजवळ अजून चाकं आहेत, दारं आहेत, छत आहे. नाही ते फक्त इंजिन. बारामतीच्या कडेला जळोचीत, दादासोच्या गोठ्यामागे मी उभी असते. ड्रायव्हरच्या जागेवर एक तांबडी कोंबडी रोज अंडं घालते. मी तिला काही म्हणत नाही, कारण त्या जागेवर कुणीतरी बसलेलं मला बरं वाटतं. येणारे-जाणारे दादासोला विचारतात, "हे धूड अजून भंगारात कसं दिलं न्हाय?" दादासो नुसता हसतो. त्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून ते मीच सांगते.

मी घडले त्या कारखान्याची आठवण अंधूक आहे. पत्र्यांचा ठणठणाट, रंगाचा उग्र वास आणि शेवटी कुणीतरी माझ्या दारावर मारलेली थाप, एवढंच आठवतं. तिथून निघाले ती थेट इंदापूरच्या एका बँडवाल्याकडे आले. पोटात ढोल, ताशे आणि लाल डगले घातलेली माणसं, टपावर भलामोठा कर्णा. ज्या गावात जावं तिथली पोरं माझ्यामागे धावत. मला वाटायचं, ही सगळी गर्दी माझ्याचसाठी आहे. तरुणपणी माणसाला असते तशी मिजास गाडीलाही असते. काही लगीनसराया झाल्या, माझा रंग उडाला, धूर वाढला, आणि बँडवाल्याने नवी गाडी घेतली. मग माझ्यामागे कुणी धावेना.

नव्वद सालच्या आसपास मला दादासोने घेतलं. त्याने माझ्या अंगावरचं बँडचं नाव खरवडून निळा रंग दिला, तरी ऊन तिरपं पडलं की खालची अक्षरं दिसायचीच. दादासोचं घर धनगराचं. त्याचे वडील बिरूआबा आणि आई तानूबाई यांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागे काढलेलं. दिवाळी झाली की घाट उतरायचा आणि मिरगाला परत यायचं. घोडीच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड: तवा, घागर, दोन वाकळा, आणि वर बांधलेलं एखादं कोकरू. पुढे कालव्याचं पाणी आलं, जिकडे तिकडे ऊस उभा राहिला, मेंढरं चारायला पडीक रान उरलं नाही. आबांनी कळप विकला आणि जळोचीत शेती करू लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी दारात आले.

आबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मी विसरणार नाही. माझ्याभोवती ते एक फेरा मारून आले. बॉनेट उघडायला लावलं आणि घोडीचे दात बघावेत तसे आत डोकावून बघत राहिले.

"घोडी बरी हाय," ते म्हणाले. "खाती काय?"

"डिझेल," दादासो म्हणाला.

"म्हंजी खर्चिक हाय. आपली घोडी गवतावर भागवायची."

त्या दिवसापासून आबांनी मला कधी गाडी म्हटलं नाही. घोडीच म्हणत. दसऱ्याला माझ्या कपाळावर हळद लावत, आणि मला वाटतं, घाटातून चढताना त्यांच्या खऱ्या घोडीला लावत असतील तितक्याच मायेने लावत.

मी कष्टाची गाडी होते. लोणी देवकरला कारखान्यांची बांधकामं चालली होती, तिथे सकाळी गवंडी पोचवायचे. हंगामात सोमेश्वरनगरला ऊसतोडीची माणसं न्यायची, त्यांच्या लेकराबाळांसकट. मधल्या दिवसांत पेरू, कडवळ, पत्रे, कुणाचा गणपती, कुणाची बाळंतीण. मी कुणाला नाही म्हटलं नाही. पण वर्षातले दोन दिवस मी फक्त घरची असायची, आणि त्या दोन दिवसांची मी वर्षभर वाट बघायची.

ते दिवस आखाडातले. आखाडात एका शनिवारी दादासो माझ्या पोटात फळ्या टाकून दोन बाजूंना झोपायची सोय करायचा. वर गाद्या, खाली स्टो, पाण्याचं लहान पिंप, कंदील, कापण्यांचा डबा. खिडकीला दादासोची बायको दिपाली जुन्या लुगड्याचे पडदे लावायची. झालं चाकांवरचं घर तयार! मग आबा, तानूबाई, दादासो, दिपाली आणि नऊ-दहा वर्षांची स्वराली अशी सगळी मला घेऊन इंदापूरच्या बाजूला, उजनीच्या पाण्यावर मुक्कामाला निघायची. पाण्यातल्या साती आसरांना निवद दाखवायचा, सोबत आणलेलं तळण खायचं, दोन रात्री पाण्याकाठी काढायच्या आणि परत यायचं. भीमेवर धरण झालं, काठ पाण्याखाली गेला, पण या घराने निवद चुकवला नाही. पाणी जिथे असेल तिथे काठ मानायचा, असं तानूबाई म्हणायची.

आता मुक्काम कुठे टाकायचा, हा दर वर्षीचा मोठा प्रश्न. प्रत्येकाचं मागणं वेगळं. दिपालीला जवळ हापसा हवा आणि आंघोळीला आडोसा हवा. दादासोला माझ्यासाठी टणक जमीन हवी. तानूबाईचे गुडघे धरलेले, तिला चढउतार नको. स्वरालीला काय, अंथरुणावरून हात घातला की पाणी लागलं पाहिजे. बोलणी वाटेत माझ्याच पोटात व्हायची आणि ती ऐकायला फार मजा यायची. पण निकाल कुणाच्या हातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आबांच्या घराण्यात एक रीत होती. तळ कुठे पडायचा हे थोरल्या माणसाने ठरवायचं. तो पुढे चालत जाई, जमीन बघे, वारा बघे, आणि मनाला पटलं की खांद्यावरचं घोंगडं भुईवर टाकी. घोंगडं पडलं की बोलणं संपलं. बायका तिथेच चूल मांडत. ज्याने टाकलं त्यानेच ते उचलायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. रानात दहा तोंडं दहा दिशांना बोलायला लागली तर कळप वाऱ्यावर जातो, म्हणून ही रीत पडली असावी. रीत चांगलीच होती. तिच्या जिवावर या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्री ओलांडला होता. कळप गेला, पण रीत आबांच्या खांद्यावर तशीच राहिली.

एका वर्षी उन्हाळा फार कडक गेला. मिरीग कोरडा गेला, आखाड लागला तरी आमच्याकडे आभाळात ढग टिकेना. उजनीचं पाणी इतकं खाली उतरलं की काठाला नुसत्या भेगाळलेल्या गाळाची रानं पसरली. आम्ही नेहमीच्या दोन बाभळींपाशी पोचलो, तर तिथे कुणीतरी ऊस लावलेला आणि मोटारीचे पाईप पार पाण्यापर्यंत नेलेले. उभं राहायलाही जागा नव्हती.

"दुसरीकडं बघू," आबा म्हणाले आणि दादासोने मला वळवलं.

पुढे भोयांची वस्ती लागली. जाळी वाळत होती, होड्या उपड्या घातल्या होत्या. दिपाली पिंपात पाणी भरायला खाली उतरली. तिथला सोपान नावाचा मच्छीमार तिला हापसा मारून देत होता. बोलता बोलता त्याने विचारलं, "कुठं उतरणार, ताई?"

"बघतोय. पाण्याजवळ कुठंतरी."

"पाण्यापासनं लांबच उतरा. वर घाटात लई पाऊस लागलाय. तिकडची धरणं भरत आल्यात, पाणी सुटंल."

दिपालीने वर बघितलं. आभाळ लख्ख होतं. "हितं तर ढग बी न्हाय, भाऊ."

"हितला ढग बघू नका. ह्या पाण्याला हितला पाऊस लागत न्हाय."

मी तिथेच उभी होते, मी ऐकलं. दिपाली पिंप घेऊन आत चढली तेव्हा पुढे दादासोशेजारी आबा बसले होते. सासऱ्यासमोर दिपाली बोलत नसे. भांडण नव्हतं, धाक तर मुळीच नव्हता. तशी वहिवाट होती. डोक्यावर पदर घेऊन ती मागे बसली आणि सांगू नंतर, असं मनाशी म्हणून गप्प राहिली.

वस्तीपासून थोडं पुढे गेलो आणि आबा एकदम म्हणाले, "थांब. थांब म्हणतो ना."

समोर गाळाच्या सपाटीत एक बुटकं टेकाड उघडं पडलं होतं. त्याच्या पुढच्या अंगाला पाणी, मागच्या अंगाला एक उथळ ओढा, कोरडा ठणठणीत. टेकाडावर काळे दगड आणि एक वठलेलं खोड. आबा दार उघडून उतरले ते चालतच सुटले. आम्ही ओढा ओलांडून त्यांच्यामागे गेलो. ते खोडापाशी उभे राहिले, त्याच्यावर हात ठेवला आणि रडायला लागले. आबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, दादासोनेही नसावं.

"तानू," ते म्हणाले, "आपला तळ."

मग सगळं कळलं. धरण व्हायच्या आधी, घाटावरून परतल्यावर, आखाडात आबांचा कळप याच टेकाडावर बसायचा. धरणाचं पाणी आलं तेव्हापासून ते या दिवसांत कधीच वर दिसलं नव्हतं.

"पोरी, हिकडं यी," आबांनी स्वरालीला बोलावलं. "ह्या दगडाच्या आडोशाला तुझा बाप जन्माला आला. पाऊस आसा तिरका लागला हुता, आन्‌ तुझी आजी म्हणती मेंढरं आत घ्या आधी."

तानूबाई पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, दोन्ही हातांनी झटकलं आणि खोडाशेजारी भुईवर टाकलं.

माझी मागची चाकं ओढ्याकडच्या उतारावर उभी होती. वरून पापुद्रा टणक होता, पण खालची माती चाकांना नरम लागत होती. टेकाड इतकी वर्षं आखाडात पाण्याखाली असायचं, ते याच वर्षी उघडं होतं. म्हणजे पाणी यायचं राहिलं होतं, येणार नव्हतं असं नाही. एवढा साधा हिशेब त्या दिवशी कुणी मांडला नाही. मांडला असेल, तर बोलून दाखवला नाही.

दिपालीने दादासोला माझ्या आडोशाला गाठलं आणि सोपान काय म्हणाला ते सांगितलं.

"मला बी बरं दिसत न्हाय," दादासो म्हणाला. "पर घोंगडं पडलंय. आन्‌ आबांचं तोंड बघितलंस का? कळप इकला तवापासनं हे आसं तोंड म्या बघितलं न्हाय. दोन दिसाचा तर सवाल हाय."

दिपाली चुलीसाठी दगड शोधायला गेली.

तो दिवस फार सुखाचा गेला, मित्रांनो, हेही सांगितलं पाहिजे. आबा पोरासारखे हिंडत होते. कुत्री कुठे बसायची, कोकरांचा डालगा कुठे असायचा, सगळं स्वरालीला दाखवत होते. स्वरालीने पाण्याच्या अगदी कडेला बाभळीच्या काड्या रोवून लहानसा वाडा केला आणि आत पांढरे खडे मेंढरं म्हणून कोंडले. संध्याकाळी सगळ्यांनी एका ताटात कापण्या खाल्ल्या आणि माझ्या पोटात लवकर झोपले. आबा मात्र बाहेर घोंगड्यावरच निजले.

सकाळी स्वराली धावत आली. "आबा, माझी मेंढरं बुडाली."

आबा हसले. "वाऱ्यानं लाट आली आसंल."

"न्हाय आबा, वाडाच दिसत न्हाय."

"गप गं," तानूबाई म्हणाली, "निवद व्हायचाय अजून, आभद्र बोलू नगं."

आबा काठापर्यंत गेले आणि परत आले. त्यांनी आयुष्यभर नदी पाहिली होती. नदी चढते तेव्हा गढूळ होते, गरजते, पुढून येते. समोरचं पाणी तर निवांत पसरलं होतं. "ह्या टेकाडावर भीमामाई कवा चढली न्हाय," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. नदी कधीच चढली नव्हती. पण ही आता नदी नव्हती, धरणाचं पाणी होतं. ते गरजत नाही आणि पुढूनच येईल असंही नाही.

दादासो ओढ्याकडे जाऊन आला. त्याची विजार पोटऱ्यांपर्यंत ओली होती. तो माझ्या पायरीवर बसला, बापाकडे बघितलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. निवद झाल्याशिवाय घोंगडं उचलायचं नाही, हेही रीतीतच होतं. दिपाली पुरण वाटत होती. तिचा हात भराभर चालत होता आणि लक्ष सगळं ओढ्याकडे होतं. मला तेव्हा त्यांचा राग आला. इतकी मायेची माणसं, आणि त्या मायेपायीच सगळी मुकी झाली होती.

दुपारी निवद झाला. तानूबाईने परडीत दहीभात, पोळी, खण आणि हिरव्या बांगड्या ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि टेकाडाच्या पुढच्या अंगाने परडी पाण्यात सोडली. सगळ्यांनी हात जोडले. वारा जोराचा होता. परडी हेलकावत गेली आणि टेकाडाच्या कडेने दिसेनाशी झाली. मग जेवणं झाली. आबा हात धुवायला तांब्या घेऊन माझ्या मागच्या बाजूला आले, आणि तिथेच थबकले.

ती परडी ओढ्यातून तरंगत माझ्या मागच्या चाकांपाशी आली होती. खण अजून कोरडा होता.

पुढे सोडलेली परडी मागून परत आली, याचा अर्थ आबांना कुणी समजावून सांगायला नको होता. टेकाडाला चारी बाजूंनी पाणी लागलं होतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, खोडापाशी गेले, घोंगडं उचललं आणि म्हणाले, "उठवा बिऱ्हाड."

पुढचं सगळं घाईघाईत झालं. दादासोने मला चालू केलं. ओढ्यात पाणी कडेलाच गुडघ्याच्या वर होतं आणि तळाशी गाळ भिजून लोण्यासारखा झाला होता. मी जीव खाऊन जोर लावला, अगदी खरं सांगते. पुढची चाकं खाली गेली, मागची जागच्या जागी फिरू लागली आणि मग पाणी इंजिनात शिरून माझा आवाज बंद झाला. दादासोने आईला पाठीवर घेतलं. दिपालीने स्वरालीला खांद्यावर बसवलं. दोघं कमरेएवढ्या पाण्यातून पाय चाचपत पलीकडे पोचली. वळून बघतात तर आबा आलेच नव्हते. ते माझ्या मागच्या दारात, ओल्या गादीवर, घोंगडं मांडीवर घेऊन बसले होते.

"आबा, चला की," दादासोने हाक मारली.

"तुमी जावा. तुज्या आयला ऊब दे आधी. घोंगडं म्या टाकलंय, मी हितंच बसतो."

दादासो परत पाण्यात उतरणार होता, पण तानूबाईला कापरं भरलं होतं आणि ती त्याचा हात सोडत नव्हती. दिपालीने स्वरालीला खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि ती परत पाण्यात शिरली. माझ्यापाशी आली तेव्हा पाणी तिच्या छातीला लागत होतं. तिने माझ्या दाराला धरलं. डोक्यावर पदर नव्हता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्याच्या तोंडाकडे बघून ती पहिल्यांदाच बोलली.

"मामंजी, काल हापशावर मला भोयी म्हणला हुता, पाणी यील म्हणून. म्या ऐकलं आन्‌ बोलले न्हाय. ह्यांनला बी ठावं हुतं. ही चूक तुमच्या एकट्याची न्हाय. तुमी बसणार आसला तर मी बी बसते."

आबांनी विचारलं, "तू बोलली का न्हाईस, पोरी?"

"तुमी विचारलं न्हाय," दिपाली म्हणाली. मग खाली मान घालून म्हणाली, "आन्‌ माझी छाती झाली न्हाय."

आबा उठले. घोंगड्याचं एक टोक त्यांनी तिच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, आणि दोघं पलीकडे गेली. काठावर पोचल्यावर आबांनी माझ्याकडे वळून एकदा हात उंचावला. घोडी सोडून जाताना धनगराला काय वाटतं, ते मला त्या हातात दिसलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावातून मानसिंग नावाचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधला, ओढला, तुटला. ट्रॅक्टरच रुतायला लागला तेव्हा दादासोनेच त्याला माघारी जायला सांगितलं. पाणी चढतच होतं. आधी माझे दिवे बुडाले, मग काचा, मग टप. आमच्याकडे तेव्हाही पाऊस पडला नव्हता.

पाण्याखाली मी किती महिने होते ते मला नीट सांगता येणार नाही. तिथे दिवस हिरवा असतो आणि रात्र काळी, एवढाच फरक. पडद्यांमधून चिलापी मासे ये-जा करत. दिपालीने वाटलेल्या पुरणाचं पातेलं माझ्याच पोटात राहिलं होतं, त्यात एका खेकड्याने घर केलं. मला एकटं वाटायचं. मी गंजत होते आणि मला ते कळत होतं. पण खरं दुःख वेगळंच होतं. मला वाटायचं, वर काठावर आता एकमेकांना दूषणं देणं चालू असेल. दादासो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाला असेल आणि बापाशी बोलत नसेल.

चैत्रात पाणी उतरलं आणि माझा टप उघडा पडला, तेव्हा पहिल्यांदा दिसले ते आबा. काठावरच्या एका दगडावर ते बसले होते. सोपान त्यांना चहा देत म्हणत होता, "आबा, आता तरी एश्टीचं हेलपाटं थांबवा. दिसली न्हवं घोडी?" तेव्हा मला कळलं की आबा दर आठवड्याला जळोचीहून येऊन इथे बसत होते. खालचं काही दिसत नव्हतं तरी येत होते.

मला काढलं, धुतलं, जळोचीला आणलं. इंजिन मेलं होतं, ते उतरवलं. दादासो खरोखरच दुसऱ्याच्या टेम्पोवर जात होता. पण बापाशी बोलत होता, संध्याकाळी त्यांच्याच शेजारी जेवत होता. सगळे म्हणाले, आता ही भंगारात द्या. आबा म्हणाले, "घोडी लंगडी झाली म्हणून कुणी कापत न्हाय." दादासोने माझ्या तोंडाला लोखंडी दांडी जोडून घेतली आणि पुढच्या आखाडात, मला न्यायला जळोचीपर्यंत आलेल्या मानसिंगच्या ट्रॅक्टरमागे मी निघाले. स्वतः चालणाऱ्या गाडीला दुसऱ्यामागे फरफटत जाणं मानहानीचं वाटतं. मला त्या दिवशी वाटलं नाही.

काठाच्या अलीकडे आबांनी ट्रॅक्टर थांबवायला लावला. समोर चांगली जागा होती, हिरवी, पाण्याला लागून. आबा तिच्यावर फिरले, जमीन दाबून बघितली, वारा बघितला. घोंगडं खांद्यावरून काढलं. पण ते हातातच ठेवून आबा मागे वळले.

"दिपाली," ते म्हणाले. सुनेला त्यांनी नावाने हाक मारलेली मी तोपर्यंत ऐकली नव्हती. "बोल. तुला काय दिसतंय?"

दिपालीचा पदर डोक्यावर होता. तिने तो सावरला, पाण्याकडे बघितलं, मागच्या उताराकडे बघितलं. तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हितं नको, मामंजी. वरच्या माळावर जाऊ."

वरचा माळ म्हणजे नुसते दगड. सावली नाही, पाणी लांब. आबांनी दादासोला विचारलं, तानूबाईला विचारलं, स्वरालीलाही विचारलं. मग घोंगडं परत खांद्यावर टाकलं आणि माळ चढू लागले. घोंगडं तिथे पडलं. सकाळी तानूबाईने विचारलं, "आवं, झोप लागली का दगडावर?"

"न्हाय लागली," आबा म्हणाले. "रातभर टोचत हुतं. पर उजाडल्यावर माणसं मोजून बघितली. समदी हाईत."

मित्रांनो, आबा आता नाहीत. माझीही पत्र्याची पाठ पोखरली आहे आणि कोंबडीखेरीज माझ्याकडे कुणाचं काम नसतं. मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. चार थेंब तेल मिळालं तर दारं कुरकुरणार नाहीत, एवढंच. पण तुम्हाला एक विनवणी आहे. घरातल्या थोरांचा मान राखा, त्यांचा शब्द हलका समजू नका. आणि त्यांचा पाय चुकीच्या मातीवर पडताना दिसला, तर त्यांच्याजवळ जा, हात धरा आणि सांगा. गप्प राहून कुणाचा मान राहत नाही. उद्या तुम्हीही मोठे व्हाल, घोंगडं तुमच्या खांद्यावर येईल. ते टाकण्याआधी मागे वळा आणि सगळ्यांत हळू बोलणाऱ्या माणसाला आधी विचारा.